स्तनांचे इम्प्लांट : आधी तुमचा दिवस सांगा, मग साइज ठरवा



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक मुलगी दवाखान्यात आली. वय ३१, एका जिममध्ये ट्रेनर. हातात फाइल, घाई चेहऱ्यावर दिसत होती.

"मॅडम, सोमवारी ऑपरेशन आहे. फिजिशियनचं फिटनेस लागतं. रिपोर्ट सगळे काढलेत, फक्त सही पाहिजे."

आम्हा फिजिशियन मंडळींना हे वाक्य रोजचे आहे. मी फाइल उघडली. दोन्ही स्तनांमध्ये सिलिकॉन इम्प्लांट, प्रत्येकी ३७५ सीसी, स्नायूखाली. ईसीजी चांगला, साखर चांगली, हिमोग्लोबिन थोडे कमी. सही करायला हरकत नव्हती. पण मी पेन खाली ठेवले आणि विचारले, "तू रोज काय व्यायाम करतेस, हे सर्जनना सांगितलंस का?"

"ते म्हणाले, आठ आठवडे जिम बंद. बाकी काही बोलणं झालं नाही."

"आणि तुझं पोट कशावर चालतं?"

ती हसली. "लोकांना पुशअप्स आणि बेंच प्रेस करून दाखवण्यावर!"

मी पेन खाली का ठेवले, ते आधी सांगते.

माझी एक जुनी सही

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक बाई माझ्याकडे फिटनेससाठी आली होती. मुलांना पोहायला शिकवायची. मी छाती तपासली, बीपी घेतले, रिपोर्ट पाहिले आणि सही केली. पाच मिनिटांत काम झाले. ऑपरेशनही उत्तम झाले. जंतुसंसर्ग नाही, जखम छान भरली.

दोन वर्षांनी ती तापासाठी आली, तेव्हा बोलता बोलता कळले की पोहायला शिकवणे तिने सोडले आहे. इम्प्लांट स्नायूखाली बसवले होते. पाण्यात हात मारला की छातीचा स्नायू आवळला जायचा आणि दोन्ही स्तन बाहेरच्या बाजूला सरकायचे. पोहण्याच्या पोशाखात ते लगेच दिसायचे. मुलांच्या नजरा, पालकांच्या नजरा. बटरफ्लाय मारताना पूर्वीचा जोरही राहिला नव्हता. शेवटी तिने तलावाच्या ऑफिसमध्ये पावत्या फाडायचे काम घेतले.

ऑपरेशन यशस्वी झाले, पण बाई पाण्याबाहेर गेली.

"मॅडम, तुम्ही तरी विचारलं असतंत," एवढेच ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली, म्हणून जास्त लागले. पुढे तिने दुसरे ऑपरेशन करून इम्प्लांट स्नायूच्या वर आणून घेतले. पुन्हा भूल, पुन्हा खर्च, पुन्हा रजा. तेव्हापासून मी अशा प्रत्येक पेशंटला दिवस कसा जातो, हे विचारल्याशिवाय सही करत नाही.

माझे मत काय आहे

आधी एक गोष्ट साफ सांगते. इम्प्लांट करावे की करू नये, यावर प्रवचन द्यायला मी हा लेख लिहीत नाही. कुणी स्वतःच्या समाधानासाठी करते, कुणाचे दोन स्तन जन्मतःच लहान-मोठे असतात, कुणाचा स्तन कॅन्सरमुळे काढलेला असतो. निर्णय त्या बाईचा. "हे कशाला हवंय?" असे नाक मुरडून विचारणाऱ्यांना काही मिळत नाही. बाई फक्त पुढच्या वेळी लपवून ठेवते. आणि डॉक्टरपासून लपवलेली गोष्ट महागात पडते.

माझा आक्षेप निवडीच्या पद्धतीला आहे. आपल्याकडे निवड होते ती फोटो पाहून. मोबाइलमध्ये एक फोटो, त्याखाली एक आकडा, की झाले. फोटोतली बाई उभी असते. खरी बाई मात्र धावते, वजन उचलते, सायकल चालवते, पाठीवर सॅक घेऊन गड चढते, पालथी झोपते, मुलाला कडेवर घेते. म्हणून माझे म्हणणे असे : जी बाई शरीर कामाला लावते, तिने इम्प्लांट निवडताना आरशाइतकेच आपल्या रोजच्या हालचालींनाही विचारावे. आणि सर्जनने विचारले नाही, तर तिने स्वतःहून सांगावे.

इम्प्लांट म्हणजे काय, थोडक्यात

सिलिकॉनची एक लवचीक पिशवी आणि तिच्या आत सिलिकॉन जेल किंवा मिठाचे निर्जंतुक पाणी, म्हणजेच सलाइन. जगातले पहिले सिलिकॉन इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात बसवले गेले. तेव्हापासून पिशवी आणि जेल दोन्ही बरेच सुधारले. हल्लीचे जेल घट्ट असते. पिशवी फाटली तरी ते पाण्यासारखे वाहून जात नाही.

शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती आपले एक आवरण विणते. इम्प्लांटभोवतीही असे आवरण तयार होते, त्याला कॅप्सूल म्हणतात. ते पातळ आणि मऊ राहिले तर काहीच बिघडत नाही. काही जणींमध्ये ते आकसते, स्तन कडक होतो, दुखतो, आकार बदलतो. दुसऱ्या ऑपरेशनच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे.

स्नायूच्या वर की खाली?

हालचाल करणाऱ्या बाईसाठी हा प्रश्न साइजपेक्षाही महत्त्वाचा आहे. आणि नेमका यावरच सर्वांत कमी बोलले जाते.

छातीवर पंख्यासारखा पसरलेला एक मोठा स्नायू असतो. ढकलणे, मिठी मारणे, पोहताना पाणी मागे सारणे, पुशअप्स, भिंतीवर किंवा कड्यावर चढणे, या सगळ्यात तो काम करतो. इम्प्लांट या स्नायूच्या वर, स्तनाच्या ग्रंथीखाली ठेवता येते, किंवा स्नायूच्या खाली ठेवता येते. वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली, अशी मधली पद्धतही आहे. तिला ड्युअल प्लेन म्हणतात आणि ती खूप वापरली जाते.

*स्नायूखाली ठेवण्याचे फायदे :* वर जास्त जाडीचे पांघरूण मिळते, त्यामुळे सडपातळ बाईत इम्प्लांटची कड किंवा सुरकुत्या कमी दिसतात. कॅप्सूल आकसण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते. मॅमोग्राफीत स्तनाची ग्रंथी जास्त चांगली दिसते.

*तोटे :* जागा करण्यासाठी स्नायूचे खालचे काही धागे सोडवावे लागतात. सुरुवातीला दुखणे जास्त, व्यायामाकडे परतणे उशिरा. आणि स्नायू आवळला की इम्प्लांट वर व बाहेर सरकते. काही जणींमध्ये हे जेमतेम जाणवते, काही जणींमध्ये लांबून दिसते. ज्यांचा छातीचा स्नायू कमावलेला आहे, त्यांच्यात अर्थातच जास्त.

*स्नायूच्या वर ठेवण्याचे फायदे :* स्नायूला हात लागत नाही, जोर शाबूत राहतो, हालचालीत स्तन विचित्र सरकत नाही, दुखणेही कमी.

*तोटे :* पांघरूण पातळ असेल तर कड दिसते, कॅप्सूल आकसण्याची शक्यता थोडी जास्त, मॅमोग्राफीत ग्रंथी अधिक झाकली जाते.

स्नायूवरच्या पातळ पापुद्र्याखाली इम्प्लांट ठेवण्याची आणखी एक पद्धत आहे. व्यायाम करणाऱ्या स्त्रियांसाठी काही सर्जन ती पसंत करतात, काहींना तिचा फारसा फायदा वाटत नाही. तुमच्या सर्जनला तिचा अनुभव किती आहे, ते विचारावे.

मग निवडायचे कसे? यात एक साधे माप उपयोगी पडते. सर्जन स्तनाच्या वरच्या भागातली कातडी आणि चरबी चिमटीत धरून जाडी मोजतात. ती साधारण २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायूखालच्या पद्धतीकडे कल जातो, जास्त असेल तर वर ठेवण्याचा विचार करता येतो. खेळाडू बाईची खरी अडचण इथेच आहे. चरबी कमी, म्हणून शरीर म्हणते 'खाली ठेवा'. स्नायू रोज कामात, म्हणून व्यवसाय म्हणतो 'वर ठेवा'. यातून पूर्णपणे सुटण्याची जादू कुणाकडेच नाही. काहीतरी सोडावे लागते. काय सोडायचे, हे मात्र त्या बाईने माहिती घेऊन ठरवावे. ऑपरेशन टेबलावर दुसऱ्या कुणी ते परस्पर ठरवू नये.

सोपा ठोकताळा असा : तुमचा व्यायाम मुख्यतः पायांचा असेल, म्हणजे चालणे, धावणे, सायकल, गड चढणे, तर स्नायूखालच्या इम्प्लांटचा त्रास सहसा कमी जाणवतो. व्यायाम छाती-खांद्याचा असेल, म्हणजे पोहणे, वेटलिफ्टिंग, मल्लखांब, क्लाइंबिंग, तर वर ठेवण्याच्या पर्यायावर सर्जनशी नीट बोला.

साइज : स्वयंपाकघरातला तराजू काढा

सिलिकॉन जेलचे वजन जवळजवळ पाण्याइतकेच असते. म्हणजे ३०० सीसीचे एक इम्प्लांट सुमारे ३०० ग्रॅमचे. दोन मिळून ६०० ग्रॅम, अर्धा लिटर दुधाच्या पिशवीपेक्षा जास्त. बसल्या जागी हे काहीच नाही. पण धावताना स्तन नुसते वरखाली होत नाहीत, आडवेही हलतात, इंग्रजी आठच्या आकड्यासारखे. दर पावलाला हे वजन कातडीला आणि आतल्या नाजूक बंधांना ओढते. वर्षानुवर्षे असे झाले की कातडी सैल पडते, इम्प्लांट खाली उतरते. मान आणि खांदे कुरकुरतात ते वेगळेच.

मी पेशंटना एक घरगुती प्रयोग सांगते. तांदूळ वजन करून दोन छोट्या पिशव्यांत भरा, जेवढ्या ग्रॅमचे इम्प्लांट मनात आहे तेवढे. घट्ट स्पोर्ट्स ब्रामध्ये ठेवा आणि तासभर घरकाम करा. जिना चढा-उतरा, वाकून फरशी पुसा, जागच्या जागी उड्या मारा. खरे इम्प्लांट आत बसलेले असते, त्यामुळे अनुभव अगदी सारखा नसतो. पण वजनाचा अंदाज येतो. कित्येक जणी या प्रयोगानंतर स्वतःच आकडा कमी करतात.

शिवाय साइज फक्त हौसेवर ठरत नाही. छातीच्या पिंजऱ्याची रुंदी, स्तनाच्या बुंध्याची रुंदी आणि कातडीचा ताण यावर ती ठरायला हवी. बुंध्यापेक्षा रुंद इम्प्लांट काखेत टोचते, दंडाला घासते. धावणाऱ्या बाईला हात पुढे-मागे करताना ते दर पावलाला जाणवते.

आकार आणि पृष्ठभाग

इम्प्लांट गोल असते किंवा थेंबाच्या आकाराचे. थेंबाचा आकार जास्त नैसर्गिक, असे सांगितले जाते. पण ते आत फिरले तर स्तन वेडावाकडा दिसतो. गोल इम्प्लांट फिरले तरी कुणाला कळत नाही. जिचे शरीर दिवसभर हलते, तिने हे लक्षात घ्यावे.

थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट फिरू नये म्हणून त्याचा पृष्ठभाग बहुधा खरबरीत ठेवतात. इथे एक गंभीर गोष्ट येते. खरबरीत इम्प्लांटभोवतीच्या कॅप्सूलमध्ये क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा होतो. हा स्तनाचा कॅन्सर नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये याकडे पहिल्यांदा लक्ष वेधले आणि २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने आपली 'बायोसेल' नावाची खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत घेतली. हा आजार विरळ आहे आणि वेळेत सापडला तर इम्प्लांट व कॅप्सूल काढून बहुतेक वेळा बरा होतो. ज्यांच्या शरीरात अशी इम्प्लांट आहेत आणि काहीच त्रास नाही, त्यांनी केवळ भीतीपोटी ती काढून घ्यावीत असा सल्ला दिला जात नाही. पण ऑपरेशनला वर्ष किंवा अधिक काळ लोटल्यावर एक स्तन अचानक सुजला, तर 'व्यायामात लचकले असेल' म्हणून घरी बसू नका. सोनोग्राफी करून आतले पाणी तपासावे लागते.

आजघडीला सक्रिय बाईने नवीन इम्प्लांट घ्यायचेच ठरवले, तर गुळगुळीत, गोल आणि बेताच्या आकाराचे इम्प्लांट हा मला सर्वांत समजूतदार पर्याय वाटतो.

खेळासाठी उलटा निर्णय घेणारीही असते

सिमोना हालेप ही रोमानियाची टेनिसपटू. २००९ मध्ये, कोवळ्या वयात, तिने स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. वजनामुळे तिला चपळाईने हलता येत नव्हते. पुढे तिने २०१८ ची फ्रेंच ओपन आणि २०१९ ची विम्बल्डन जिंकली. ऑपरेशनमुळे जिंकली असे मी म्हणणार नाही, जिंकली ती मेहनतीने. पण आपल्या शरीराने काय काम करायचे आहे, हे आधी ठरवून मग तिने निर्णय घेतला. मला हा क्रम आवडतो.

कॅन्सरनंतर : 'काहीच न करणे' हाही पर्याय आहे

माझी एक पेशंट शिक्षिका आहे, ४६ वर्षांची, दर रविवारी डोंगरात. कॅन्सरमुळे डावा स्तन काढला, नंतर रेडिएशन झाले. "मॅडम, इम्प्लांट करू का?" असे विचारत आली. आम्ही दोघींनी मिळून प्लास्टिक सर्जनची भेट घेतली.

रेडिएशन झालेल्या जागी कातडी कडक होते, जखम भरायला अडचण येते आणि कॅप्सूल आकसण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून अनेकदा स्वतःच्या शरीरातले मांस-चरबी वापरून स्तन बनवतात. पण इथेही हालचालीचा प्रश्न आहेच. पाठीचा मोठा स्नायू पुढे आणला, तर हाताने स्वतःला वर ओढण्याचा जोर कमी होऊ शकतो. कड्यावर चढणारीला आणि पोहणारीला हे महत्त्वाचे. पोटाचा स्नायू घेतला तर पोट कमकुवत होते. पोटाची फक्त कातडी-चरबी घेऊन स्नायू जागेवर ठेवण्याची पद्धतही आहे. ती जास्त लांबलचक, बारीक रक्तवाहिन्या जोडण्याची शस्त्रक्रिया असते आणि त्यात मुरलेले सर्जन लागतात.

सगळे ऐकून शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मला सध्या काहीच नको." त्यांनी ब्राच्या कप्प्यात घालायचा हलका कृत्रिम स्तन घेतला आणि त्याच हिवाळ्यात कळसूबाईच्या शिड्या चढून आल्या. नंतर कधी मन बदलले तर दार उघडे आहे. स्तन पुन्हा बनवण्याची शस्त्रक्रिया वर्षांनंतरही करता येते.

आणि हो, 'काखेतल्या गाठी काढल्या, आता त्या हाताने काही उचलायचे नाही' हा जुना सल्ला आता बदलला आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी १९९६ मध्ये स्तनाचा कॅन्सर झालेल्या २४ स्त्रियांना लांब नावा वल्हवायला बसवले. हाताला सूज येईल, या भीतीला त्या बायकांनीच उत्तर दिले. व्यायाम हळूहळू, मार्गदर्शनाखाली वाढवला तर हात सशक्तच होतो.

व्यायामाकडे परत कधी?

तुमच्या सर्जनचा शब्द शेवटचा. साधारण अंदाज मात्र असा असतो :

• पहिला आठवडा : घरातल्या घरात आणि सपाटीवर चालणे. दुसऱ्या दिवसापासून चालायला लागायचेच, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती. हात खांद्याच्या वर नेऊन जोर लावायचा नाही. मिक्सरचे जड भांडे, पाण्याची बादली, कडेवरचे मूल, सगळे बंद.
• दोन ते चार आठवडे : भरभर चालणे, बसलेली सायकल, झेपेल तसे.
• सहा आठवड्यांच्या आसपास : चांगल्या आधाराच्या ब्रासह हलके धावणे. जखमा पूर्ण भरल्या असतील तरच पोहणे.
• दोन ते तीन महिने : छातीचे व्यायाम. सुरुवात पूर्वीच्या वजनाच्या अर्ध्यानेही करू नका, त्याहून कमीने करा. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर जास्त थांबावे लागते.

कबड्डी, ज्यूदो, बॉक्सिंग खेळणाऱ्यांनी सर्जनना ते आवर्जून सांगावे. रोजच्या व्यायामाने इम्प्लांट फुटत नाही. विमानात किंवा उंच डोंगरावरही फुटत नाही, ही भीती काढून टाका. पण छातीवर जबर मार बसला तर आत रक्तस्राव होऊ शकतो, पिशवी फाटूही शकते. गड चढताना सॅकचा छातीवरचा पट्टा पहिले काही महिने आवळू नका.

ब्रा घेताना दोन्ही स्तनांना वेगवेगळा कप असलेली, रुंद पट्ट्यांची घ्या. नुसती छाती दाबून टाकणारी नको.

फिजिशियनच्या नजरेतून चार गोष्टी

१. *तंबाखू.* सिगारेट तर आलीच, पण मिश्रीसुद्धा. आपल्याकडच्या कितीतरी बायका मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत. निकोटिनमुळे कातडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम उसवते. निदान चार आठवडे आधी आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बंद.

२. *जिममधल्या पावडरी.* कोणत्या घेता ते भूलतज्ज्ञांना डबा दाखवून सांगा. काहींमध्ये भरपूर कॅफिन असते. फिश ऑइल, व्हिटॅमिन ई वगैरेंमुळे रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून ती कधी थांबवायची ते विचारा.

३. *वजन स्थिर आहे का?* स्तनात चरबी असते. वजन झपाट्याने उतरवले की स्तनही उतरतो. अशा वेळी घेतलेले माप सहा महिन्यांनी चुकीचे ठरते.

४. *थकवा.* काही स्त्रियांना इम्प्लांटनंतर थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा असा त्रास होतो. त्यासाठी नेमकी तपासणी नाही, पण म्हणून त्या खोटे बोलतात असे मुळीच नाही. इम्प्लांट काढल्यावर काहींना बरे वाटते. मात्र आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ आणि डी तपासा. कारण पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

हे आयुष्यभराचे नाही

ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगते. इम्प्लांट कायमचे नसते. तिशीत बसवलेले इम्प्लांट पुढे कधीतरी बदलावे किंवा काढावे लागण्याची तयारी हवी. सिलिकॉनची पिशवी फाटली तरी बाहेरून कळेलच असे नाही. म्हणून काही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी तपासणी, असा अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला आहे. त्याचा खर्च आजच हिशेबात धरा. नुसत्या सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आपल्याकडच्या आरोग्य विम्यात बसत नाही. अपघात, भाजणे किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना असेल तर गोष्ट वेगळी. पॉलिसी वाचून घ्या.

मॅमोग्राफी करता येते आणि करायचीच. फक्त तंत्रज्ञाला आधी सांगा, म्हणजे इम्प्लांट मागे सारून जादा फोटो घेतात. बहुतेक जणी स्तनपानही देऊ शकतात, पण पुढे मूल हवे असेल तर छेद कुठे घेणार, हे आधी बोलून घ्या.

इम्प्लांटचे कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, प्रकार, आकारमान आणि क्रमांक असतो. मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा. फ्रान्समधल्या 'पीआयपी' कंपनीने वैद्यकीय वापराचे नसलेले, उद्योगात वापरायचे सिलिकॉन भरून इम्प्लांट विकली, हे २०१० मध्ये उघड झाले. तेव्हा जगभरातल्या बायकांसमोर पहिला प्रश्न हाच होता : माझ्या आत कोणते आहे?

सर्जनना विचारायचे प्रश्न

• तुमची पदवी प्लास्टिक सर्जरीची आहे का? एमसीएच किंवा डीएनबी?
• माझा रोजचा व्यायाम हा असा आहे. त्यासाठी स्नायूच्या वर की खाली, आणि का?
• व्यायाम करणाऱ्या तुमच्या पेशंटचे स्नायू आवळलेले फोटो दाखवता का?
• यापेक्षा लहान साइज घेतली तर काय फरक पडेल?
• पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत?
• पुन्हा ऑपरेशन लागले तर खर्च कुणाचा?
• उद्या नकोसे वाटले आणि काढले, तर स्तन कसा दिसेल?

या प्रश्नांना जो सर्जन वैतागेल, त्याच्याकडे ऑपरेशन करू नका. चांगला सर्जन उलट खूश होतो, हा माझा अनुभव आहे.

आणि ती ट्रेनर?

तिला त्या दिवशी मी आणखी दोन गोष्टी विचारल्या. "गेल्या वर्षभरात वजन किती उतरलं?" स्पर्धेच्या तयारीत नऊ किलो. "पाळी?" चार-पाच महिने आली नव्हती. खाणे कमी, व्यायाम जास्त, शरीराची शिल्लक संपलेली. स्तन त्यामुळेच एवढे उतरले होते. मी सही केली नाही. ती चिडली, आणि चिडणे साहजिक होते, कारण तिने ॲडव्हान्स भरला होता. तिच्यासमोरच मी सर्जनना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तारीख पुढे ढकलली.

सहा-सात महिने तिने नीट खाल्ले, वजन थोडे वाढले, पाळी सुरू झाली, हिमोग्लोबिनही सुधारले. स्तनही थोडे भरले. मला वाटले, आता ती विचार सोडून देईल. तिने सोडला नाही. ऑपरेशन केलेच. पण ३७५ सीसीचे २२५ झाले, गुळगुळीत, गोल, आणि स्नायूच्या वर, कारण आता वर ठेवण्याइतकी जाडी चिमटीत येत होती. कड थोडी जाणवू शकेल, हे तिने ऐकून, समजून मान्य केले.

परवा व्हायरल तापासाठी आली होती. मी विचारले, "बेंच प्रेस?"

"चालू आहे मॅडम. पूर्वीइतकंच वजन."

या वेळी मी सही केली, आरामाच्या दाखल्यावर. तीन दिवस जिम बंद! त्यावरही ती थोडी चिडलीच.

निरोगी राहा, हालत-चालत राहा.

(पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. हा लेख माहितीसाठी आहे. निर्णय घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी आणि प्लास्टिक सर्जनशी प्रत्यक्ष बोला.)